झगेवाल्याचे हात खाली घ्यावेत

मी, महामाया गुलाबराव तायडे, वय एकाहत्तर, भूमापन खात्यातून निवृत्त मोजणीदार, अविवाहित, राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालू शकणाऱ्या एकट्या माझ्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिना होत्या, त्या वारल्या.

१. हायवेलगतचे माझे घर व पुढची मोकळी जागा पुतण्या संघर्ष आणि पुतणी समता यांना समान हिश्शाने मिळावी. पुढच्या खोलीत समताने अभ्यासिका काढावी; तिची ती जुनी इच्छा आहे. बँकेतली ठेव त्यासाठीच तिच्या नावे केली आहे. मोकळ्या जागेत कोणतेही देवस्थान होऊ नये. असे कलम का लागते, ते पुढे वाचावे.

२. संघर्ष रंगारी आहे. मोबाईलवर एक परदेशी सिनेमा पाहून त्यातला उडणारा वीर त्याने माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर काढला. पिवळा पोशाख, जांभळा झगा. हात दोन्हीकडे ताणलेले, पाय जुळवलेले, मान खांद्यावर कललेली, डोक्यामागे उजेडाचे कडे, बरगडीखाली जखम. मी विचारले, याची गोष्ट काय?

"आत्या, वरच्या दुनियेतून बापानं एकुलता एक पोरगा खाली धाडला. सुताराच्या घरी वाढला. दोस्तानं दगा देला, मेला, अन् तिसऱ्या दिवशी उठला."

"ही गोष्ट मला सिस्टरांनी चौथीत सांगितली."

"कसं शक्य हाय? पिक्चर तं मांगच्या साली आला."

माझे वडील खामगावच्या कॉन्व्हेंटात माळी होते, म्हणून मी तिथे शिकले. ईस्टरच्या नाटकात त्या पोराला क्रुसावर धाडणारा रोमन सुभेदार दरवर्षी मीच. घंगाळात हात धुऊन "माझा याच्याशी संबंध नाही" म्हणायचे. तेव्हाच ठरवले की नाटकाबाहेर आयुष्यात हे वाक्य बोलायचे नाही. त्यामुळे मला ती गोष्ट पाठ आहे, आणि माझी तक्रार चोरीबद्दल नाही, अर्धवट चोरीबद्दल आहे. सिनेमावाल्यांनी पसरलेले हात घेतले, कडे घेतले, जखम घेतली. मरणाच्या आदल्या रात्री सिस्टरांच्या गोष्टीतल्या त्या सुताराच्या पोराने कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, ते मात्र कोणी घेतले नाही. एकाही उडणाऱ्याने कोणाचे पाय धुतलेले माझ्या पाहण्यात नाही. हे मी संघर्षला "नकलाकार" या शब्दासकट ऐकवले. तेव्हापासून तो घरी येत नाही.

३. त्यानंतर शेजारीण रुखमाबाईंची हरवलेली म्हैस या भिंतीपाशी सापडली. ती माझा दोडक्याचा वेल खात होती. रुखमाबाईंनी चित्रापुढे नारळ फोडला.

"रुखमाबाई, तो सिनेमातला आहे."

"असू दे न वं बाई. एवढे हात पसरून उभा हाय, कोनाले तरी कवेत घेईनच."

मग ट्रकवाले थांबू लागले. नाव पडले झगेवाले बाबा. समोरचे हॉटेलवाले कारभारी यांनी समिती काढली, स्वतःच अध्यक्ष झाले, आणि पत्र्याच्या शेडसाठी माझ्याच अंगणात खुणा करून गेले.

मी नोकरीभर जमिनी मोजल्या. अतिक्रमण आधी नारळाने येते, मग पत्र्याने, मग वार्षिक उत्सवाने. त्यानंतर मोजायला गेलात तर पापी तुम्ही. आमच्या घरातले देव वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच गेले. ते झगा पांघरून भिंतीवरून परत यावेत, हे मला मान्य नाही.

४. तरीही भिंत पाडू नये. चुनाही फासू नये. पुसलेल्या जागेपुढे लोक दुप्पट भक्तीने नारळ फोडतात. संघर्षने त्याचे हात खाली घ्यावेत. इतके दिवस ताणून खांदे भरून आले असतील. एका हातात बादली द्यावी, खांद्यावर पंचा. कडे काढावे, जखम बुजवावी, झगा कमरेला खोचावा. शेजारी खरा नळ बसवावा, म्हणजे मुले पाय धुऊन अभ्यासिकेत येतील. चेहऱ्याला हात लावू नये. ते डोळे माझ्या भावाचे, म्हणजे संघर्षच्या वारलेल्या बापाचे आहेत. ते त्याने कोणत्याही सिनेमातून घेतलेले नाहीत. मी हे पहिल्याच दिवशी पाहिले होते.

या कामासाठी मी मरेपर्यंत थांबण्याची गरज नाही. घराची किल्ली त्याच्याकडे आहेच.

५. कारभारी यांना माझी मोजणीची जुनी साखळी द्यावी. ती मी लिलावात रीतसर विकत घेतली आहे. त्यांनी स्वतःचे हॉटेल रस्त्यात किती आले आहे, तेथून सुरुवात करावी. रुखमाबाई साक्षीदार असल्याने त्यांना मृत्युपत्रातून काही देणे बरे दिसत नाही, म्हणून प्रेशर कुकर कालच नेऊन दिला.

सही: महामाया गुलाबराव तायडे
स्थळ: वडनेर भोलजी. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर लिहिणारीने सही केली व आम्ही तिच्यासमोर केली:
१. देवानंद हिवराळे, निवृत्त कंपाउंडर
२. रुखमाबाई पाचपोर, शेती

सहीनंतरची नोंद: रुखमाबाईंनी पेन खाली ठेवण्याआधी विचारले, "बादलीवाल्यापुढं नारळ फोडला तं चालन काय?" मी नाही म्हटले. "मंग अंदर येऊन फोडीन. पोरायले खोबरं वाटीन." पुष्कळ विचार केला, हरकत सापडली नाही. हे कलम सहावे समजावे.

म. गु. तायडे