चिमणीची साक्ष

रविवार, १२ जुलै
दुपार

प्रिय धाकट्या,

सगळं जग तुला फादर म्हणतं, माझी जीभ मात्र अजून वळत नाही, तेव्हा चालवून घे. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. इथे तसं ठीक आहे. न्हाणीघरातला गळका नळ शेवटी बदलला. आमच्या विभागात स्कॅनचं नवं मशीन आलंय, दिवसभर पडद्यावर फोटो वाचून डोळे चुरचुरतात. चिमणी शिकवते त्या शाळेला पावसामुळे सुट्टी आहे, पण आपलं शेंडेफळ स्वस्थ बसतंय कुठलं? शेजारची पोरं गोळा करून त्यांना गाणी शिकवत असते.

आता तुझ्या मागणीविषयी. गेल्या वर्षी चिमणीच्या यकृतातली कर्करोगाची गाठ विरली, ती तुमच्या त्या दिवंगत सिस्टरांच्या कबरीपाशी तिने केलेल्या प्रार्थनेने, आणि वैद्यकशास्त्रात त्याला कारण सापडत नाही, असं मी डॉक्टर म्हणून लिहून द्यावं. म्हणजे सिस्टरांना संत ठरवण्याचं काम पुढे सरकेल. मी लिहून देणार नाही.

माझी श्रद्धा आटली असं तुला वाटतं. तसं नाही रे. अजूनही मशीनसमोर बसण्याआधी मी क्रुसाची खूण करते. फादर व्हायला सेमिनरीत गेलास आणि पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा तूच ताटावर बसून मला समजावलं होतंस, की बुद्धी देवानेच दिली आहे, जो विश्वास तिला घाबरतो तो मुळात देवालाच घाबरतो. कॉलेजात पोरं माझ्या गळ्यातल्या क्रुसाची टिंगल करायची, तेव्हा तुझं ते बोलणं मला पुरलं. पुढेही पुरलं. गाठ विरली तेव्हा चिमणी गोळ्या घेत होती. त्या कधीकधी उशिरा लागू पडतात. क्वचित, पण पडतात. त्यात देव नव्हता असं मी म्हणत नाही. कारण सापडत नाही असं मात्र माझ्याने म्हणवणार नाही.

एवढं तर मी फोनवरही सांगितलं असतं. लांबण लावतेय, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही.

चिमणीची पाठ दुखत होती. पोरांना कडेवर घेऊन भरून आली असेल म्हणाली. मी ओढतच नेलं. स्कॅन दुसऱ्या कुणाला वाचू दिला नाही. यकृतात परत आलंय आणि मणक्यात उतरलंय. तिच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवला. भला माणूस, त्याने आधीचा स्कॅन काढून शेजारी लावला. मग म्हणाला, गोळ्या चालू असत्या तर काही करता आलं असतं, आता दुखणं कमी ठेवायचं एवढंच. मी म्हटलं, चालू आहेत की.

नव्हत्या. घरी येऊन विचारलं तर तिने आढेवेढे न घेता सांगितलं. देवाचं दान अर्ध्या मनाने घेऊ नये, असं तू फोनवर म्हणाला होतास. त्यावर ती विचार करत बसली आणि तिने गोळ्या बंद केल्या. “दादा गोळ्या सोड म्हणाला नव्हता हं,” हेही तीच घाईघाईने म्हणाली.

मग मी स्कॅनमध्ये काय आहे ते सांगितलं. सगळं. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, “ताई, दादाला कळू देऊ नकोस. त्याचा विश्वास मोडेल. मी काय, जाणारच आहे. त्याला अजून पुष्कळ वर्षं काढायची आहेत.”

आज चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर आपल्या बरं होण्याची तिची साक्ष होती, दर महिन्याला असते तशी. मला वाटलं, आज काहीतरी निमित्त सांगून टाळेल. पण बाकांना धरत धरत ती पुढे गेली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “प्रभूने मला बरं केलं.” मग माझ्याकडे बघितलं. चर्च गच्च भरलेलं. सगळे आमेन म्हणाले. मी तिसऱ्या बाकावर होते. मीही म्हणाले.

बाहेर एका बाईंनी आपल्या आजारी नवऱ्याला तिच्यापुढे उभं केलं. चिमणीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि हळूच सांगितलं, औषध मात्र सोडू नका. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.

आता सांग, मी काय करू? बुद्धीला जे सांगायचं होतं ते तिने पडद्यावर सांगून टाकलं. प्रार्थनेला बसते तेव्हा शब्द सगळे येतात, पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. तुझा चमत्कार खरा ठरावा म्हणून काल मी गुडघे टेकले होते. मी, जी तुला नाही म्हणतेय. पाय बधिर झाले तेव्हा उठले आणि तिची दुखण्याची गोळी द्यायला गेले.

तिचं न ऐकता तुला कळवतेय. तुला टोचायला नाही. तू स्वतःला काय काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, आणि ते चूक आहे असं सांगायला माझ्याकडे आज शब्द नाहीत. तू निघून ये. तिच्यासमोर काही माहीत नसल्यासारखा वाग. उपदेश नको, देवाची योजना वगैरे तर मुळीच नको. दुखणाइतांना लावायचं ते पवित्र तेल बरोबर आण. ती आपणहून मागेल तेव्हा तुझ्याच हातून लावून घेईल.

पत्राच्या शेवटी ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असं दर वेळी लिहायचे. या वेळी राहू दे. नुसता ये.

तुझी,
ताई