मडक्यातले जंतू

३ फेब्रुवारी
मीटरचा काटा हलला! जेमतेम अर्धा व्होल्ट, पण हलला. बादलीत गटाराचा गाळ, गाळात मातीचं मडकं, मडक्याच्या आत-बाहेर कोळशाच्या कांड्या आणि त्यांना जोडणारी तार — बस्स. जंतू घाण खातात आणि खाताखाता वीज सोडतात, हे वाचलं होतं. डोळ्यांनी पाहणं वेगळंच. सांडपाणी केंद्रात इतकी वर्षं पाणी तपासतेय, या जिवांकडे अशा नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं.

५ फेब्रुवारी
केंद्राच्या साहेबांना दाखवलं. नाकावर रुमाल. "बाई, यावर दिवा लागेल का?" एका मडक्यावर नाही, म्हटलं. "मग लागला की बोलवा. नाहीतर ही खोली मला पंपाच्या सामानाला हवीय."

११ फेब्रुवारी
दादाकडे जेवले. हातांना वास येतो म्हणून वहिनीनं दोनदा साबण पुढे केला. दादा मात्र खोदून खोदून विचारत होता — थंडीत मंदावतात का, काय खायला आवडतं. नळांना मुलामा देण्याचा कारखाना त्याचा, विजेचं त्याला चटकन कळतं. "मडकी एकापुढे एक जोड, व्होल्ट वाढेल." तेच करणार होते. बोलले नाही, त्याला बरं वाटू दे.

१९ फेब्रुवारी
लागला. चिमुकला, लाल, मिणमिणता. साहेबांनी रुमाल खिशात घातला आणि स्टूल ओढून बसले.

२४ फेब्रुवारी
दिवा गेला. तारा ठीक, कोळसा ठीक. जंतूच मेलेत. खाल्लं तरी काय यांनी?

२ मार्च
नवा गाळ घातला, जगले, पुन्हा मेले. केंद्रात येणारं पाणीच मी त्यांना पाजते, ते बारकाईनं तपासलं — क्रोमियम. आमच्या महिन्याच्या तपासणीत कधी सापडलं नव्हतं, कुणीतरी मधूनच सोडत असणार. साहेब म्हणाले, "विजेचं राहू द्या. हे तर पहारेकरी निघाले. कुठून येतंय ते शोधा." मुलामा देणारे क्रोमियम वापरतात. पण असे कारखाने काय थोडे आहेत?

८ मार्च
रस्त्यावरच्या गटाराच्या एकेका चेंबरचं पाणी वेगवेगळ्या मडक्यांना पाजतेय. जिथलं पाणी प्यायलं की काटा पडतो, तिथून वरच्या अंगाच्या चेंबरकडे. खरं सांगायचं तर मजा येतेय. कोडं सुटत चाललंय.

१० मार्च
शेवटच्या चेंबरला दोनच कारखाने जोडलेले. एक खोक्यांचा, तिथे पाणी लागतच नाही. दुसऱ्याचं नाव इथे लिहीत नाही.

११ मार्च
दादाला विचारलं. त्यानं नाकारलं नाही. "शुद्धीकरणाचं यंत्र बंद पडलंय. टाकी भरली की सोडून देतो. वाटलं, एवढ्या पाण्यात कुणाला कळतंय." वहिनी उठून आत गेली. मग तो म्हणाला, "तुझ्या साहेबांकडे मीच येतो. तू नको सांगूस."