बस दवाखान्याकडे वळली तेव्हा

प्रिय मास्तरीणबाई,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस, आईची आधीच ठेवून झालीत.

नर्स म्हणून पहिल्या गावी रुजू झालीस, तेव्हा गरोदर बायकांसमोर बोलायचं म्हणून तुझी पाचावर धारण बसली होती. सरावाला घरात मीच सापडलो. समोर बसवून मला विचारायचीस, डोकं सारखं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, तोंड-हात सुजलेत का, अंगावरून रक्त जातं का, बाळाचं हलणं कमी झालंय का. मी एवढा मिशीवाला माणूस, पण मुकाट्याने उत्तरं द्यायचो आणि आईची हसून मुरकुंडी वळायची. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. सगळं तोंडपाठ झालं.

परवा दुपारी मी चालवत होतो ती बस खच्चून भरलेली. माझ्या मागेच एक गरोदर मुलगी आणि तिची सासू. मुलगी सारखी कपाळ दाबत होती. डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात म्हणाली, तर सासू म्हणे ऊन लागलं असेल. मी आरशात पाहिलं. तोंड सुजलेलं, अंगठी बोटात रुतलेली. गाडी बाजूला घेऊन विचारलं, तर चारच दिवसांपूर्वी शहरातल्या चकचकीत दवाखान्यात जाऊन आली होती. सोनोग्राफी झाली, गोळ्या मिळाल्या, पण ना कुणी रक्तदाब पाहिला, ना डोकं दुखतं का म्हणून विचारलं.

मी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की मुलीच्या जिवाला धोका आहे, बस आता थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात जाणार, ज्यांना घाई असेल त्यांनी इथेच उतरावं. कुणीही उतरलं नाही. एरवी जरा उशीर झाला की हेच लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. एका बाईने मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, उभे होते ते दाटीवाटीने मागे सरकले. इतकी भरलेली आणि इतकी शांत बस मी जन्मात चालवली नव्हती.

रक्तदाब इतका चढला होता की पोरीला कुठल्याही क्षणी फिट आली असती, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. लगेच ऑपरेशन केलं. ड्यूटी संपवून मी परत गेलो, तर ती मुलगी शुद्धीवर आलेली आणि काचेपलीकडे तिची लेक. केवढीशी ती, पण छाती कशी भराभर वरखाली होत होती. मी नुसता बघत राहिलो. हे एवढंसं काळीज आपलं आपण चालतं तरी कसं, मला काही केल्या कळेना. डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

राजीनामा लिहून ठेवलायस, असं आईकडून कळलं. बायका ऐकून घेतात आणि दाराबाहेर पडताच विसरतात, मग घसा कोरडा कशाला करायचा, हे तुझं म्हणणं. मी तुला अडवणारा कोण? फक्त एक अडचण झालीय. हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं, म्हणून त्या सासूबाईंनी विचारलं आणि मी तुझा पत्ता देऊन बसलो. त्यांच्या धाकट्या सुनेला पाचवा महिना लागलाय. मंगळवारी त्या तिला घेऊन तुझ्याकडे येणार आहेत.

तुझाच,
बाबा