बाहेर एक होडी

बाबा,

तू गेलास त्याला तेरा वर्षं झाली, आणि परवा तुझ्यामुळे काकांचा दर्यात जीव जायची वेळ आली. तुझ्यामुळे म्हणजे खरं तर माझ्यामुळे. पण आईपुढे तुझं नाव पुढे करून मार चुकवायची माझी सवय अजून गेलेली नाही.

माझं काम काय ते तुला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. मी नोकरी सोडून घरबसल्या लोकांच्या वेबसाइट, मोबाईलवरचे गेम आणि ॲप करून द्यायला लागलो, तेव्हा तू जाळं शिवता शिवता विचारलं होतंस, "म्हंजे तू तांडेल का खलाशी?" मी म्हणालो, होडी हाकणारा तांडेलही मीच आणि खलाशीही मीच. तू मान वर न करता म्हणालास, "मंग तुज्या होरीत दुसरा मानूस नाय. चुकलास तर सांगनारा नाय." तेव्हा मला राग आला होता. आता मी बोरिवलीच्या एका खोलीत बसून एका दातांच्या डॉक्टरांसाठी अपॉइंटमेंटचं ॲप करतो, एका शाळेसाठी पाढ्यांचा गेम करतो, आणि क्लायंटच्या बायकोला आवडेपर्यंत बटणाचा निळा रंग बदलत बसतो. चुकलो तर सांगणारा खरंच कोणी नसतो.

गेल्या वर्षी वर्सोव्यातल्या आपल्या ओळखीच्या काही नाखवांनी, म्हणजे होडीमालकांनी, मिळून माझ्याकडून एक ॲप करून घेतलं. होडी निघाली की तांडेलाने 'बाहेर' दाबायचं, धक्क्याला लागली की 'आली'. किनाऱ्यावरच्या त्यांच्या खोलीत एक पडदा आहे, त्यावर मोठ्या अक्षरात एक आकडा दिसतो, बाहेर किती, आणि खाली त्या होड्यांचे नंबर. तिसरं बटण नाही. एका नाखवाने मागितलं होतं, 'येत आहे' असं काहीतरी. मी ठेवलं नाही, आणि त्याचं कारण तू आहेस. आठवतं? मी नऊ वर्षांचा आहे, तू मला धक्क्यावर खडू देऊन बसवलं आहेस, परतलेल्या होडीमागे एक रेघ. शेवटची होडी दिसत नाही आणि मला खेळायला जायचं आहे. मी रेघ मारून टाकतो आणि तू विचारल्यावर म्हणतो, "आली असेल." तू माझा कान धरून मला पुन्हा पाण्याकडे तोंड करून उभा करतोस. "असेल नाय बोलायचं. आली का नाय, तेवडंच बोल." सगळ्या होड्या लागल्याशिवाय तू कधी घरी जेवायला आला नाहीस, त्या दिवशी मलाही येऊ दिलं नाहीस.

ॲप करताना खोटी नोंद टाकून सगळं चालतं का ते बघावं लागतं. लोक 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' असलं काहीतरी टाकतात. मी तुझ्या होडीचा नंबर टाकला. ती होडी तू गेल्यावर आम्ही खाडीपलीकडे मढला विकली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिथेच घात झाला, कारण तो नंबर खऱ्या, अजून दर्यात जाणाऱ्या होडीचा होता.

परवा दुपारी मी अंधेरीत एका क्लायंटच्या ऑफिसात नव्या गेमची लेव्हल दाखवत होतो. वाऱ्याचा इशारा सकाळीच आला होता आणि आपल्या होड्या एकेक करून परतल्या होत्या. एका नाखवाचा फोन आला. "पडद्यावर अजून एक बाहेर दावते. नंबर तुज्या बापसाच्या होरीचा हाय. मढला फोन लावला, कोन उचलत नाय. काका लहान होरी घेऊन बघाला गेले." आपले काका, तुझ्या होडीवर वीस वर्षं खलाशी राहिलेले, आता सत्तरीला आलेले. मी लॅपटॉप उघडला, नोंद बघितली. मी म्हणालो, "ती खोटी आहे. मी टाकलेली आहे. त्यांना परत बोलवा." नाखवा म्हणाला, "फोन रेंजच्या बाहेर लागतो त्यांचा."

रिक्षाने मी वर्सोव्याला पोचलो तेव्हा वारा चांगलाच उठला होता. धक्क्यावर काकी उभी होती, पदर दातात धरून. तिने विचारलं, "होरी गावली का रं?" मी म्हणालो, "काकी, ती होरी बाहेर गेलेलीच नाही. माझी चूक आहे." तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग ते कोनाला शोधाला गेलं?"

दोन तास, बाबा. एवढी भीती मला तुझ्या आजारपणातही वाटली नव्हती. मनात सारखं येत होतं, येतील, येत असतील, आणि काकीपुढे त्यातलं काहीच बोलता येत नव्हतं. शेवटी ते आले. दोर लागून हात फाटला होता, अंगावरचं सगळं ओलं. धक्क्यावर पाय ठेवला आणि माफी मागितल्यासारखे मलाच म्हणाले, "नाय गावली रं. खडकापातुर जाऊन आलो. तिचं इंजिन तितंच बंद परतं ना, म्हनून." मी सांगितलं, काका, टेस्टिंगची नोंद होती, काढायची विसरलो. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं. "चुकतो मानूस. काढून टाक ती," एवढंच म्हणाले.

मी विसरलो नव्हतो. ती नोंद मी मुद्दाम ठेवली होती, माझ्या एकट्याच्या लॉगिनला दिसेल अशी. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी ती बघायचो: तुझी होडी, बाहेर. तू हॉस्पिटलच्या खाटेवर गेलास तेव्हा मी बाहेरच्या पॅसेजमध्ये एका क्लायंटला फोनवर त्याच्या वेबसाइटचा फॉर्म समजावत होतो. ॲपमध्ये तसं काही घडलेलं नव्हतं. तिथे तू नुसता दर्यावर होतास. परवा सकाळी नवीन अपडेट देताना मी आकड्यात चुकून सगळ्या नोंदी धरल्या, ही लपवलेलीसुद्धा, आणि तू सगळ्यांना दिसलास.

बाहेर असलेली होडी त्या ॲपमधून काढता येत नाही, आधी 'आली' दाबावं लागतं. हा नियम मीच लिहिला आहे आणि मीच तो मोडूही शकतो, दोन मिनिटांचं काम आहे. परवापासून मी कितीतरी वेळा त्या 'आली'च्या बटणापर्यंत गेलो आणि परत फिरलो. हे मी तुला लिहितोय, कारण काकांसमोर उभं राहून बोलायची हिंमत होत नाही. काल त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताने फोन धरून विचारलं, "काढलीस ना?" मी म्हणालो, हो काका, काढली.

काढलेली नाही. फक्त पुन्हा लपवली आहे.