नेवेनाच्या लॅपटॉपची रेंज

३१ ऑगस्ट
काल नेवेनाला पोचवून आलो. शेजारच्या गिन्काने बजावलं, चाळीस दिवस आरसे झाकून ठेव, दाढी करू नकोस. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण करायचं तर नीट करावं. आरसे झाकले, टीव्ही झाकला. पॅसेजमधल्या फळीवर इंटरनेटचा डबा आहे. त्याचे हिरवे दिवे सारखे लुकलुकत होते. दुःखाच्या घरात ते बरं दिसेना. त्यावर नेवेनाची बानित्सा, म्हणजे चीजची थरांची पोळी, भाजायची मोठी परात पालथी घातली. वर काळं कापड, वर तिचा फोटो, मेणबत्ती. चांगलं दिसतं.

४ सप्टेंबर
घरच्या फोनवर कालिना, कॅनडाहून. कागदपत्रं अजून अडकलेलीच. अंत्यविधीला पोचली नाही, चाळिसाव्यालाही येता येणार नाही. म्हणाली, बाबा, आईच्या लॅपटॉपवरून मला निदान जेवणाच्या टेबलाशी बसवा. सगळ्यांबरोबर आईच्या नावाने चमचाभर शिजवलेले गोड गहू खाईन. म्हणालो, बसवतो.
नेवेना दर रविवारी स्वयंपाकघरातून तिच्याशी बोलायची. मी मागून जाताना हात वर करायचो. तेवढं पुरत असे.

५ सप्टेंबर
लॅपटॉप उघडला. वायफायची जेमतेम एक रेघ. कालिनाचा चेहरा आला, त्याचे चौकोन झाले आणि तिथंच थांबला. निदान: लॅपटॉपच्या आतला अँटेना कमजोर. उभी नोकरी भूमापन खात्यात यंत्रं हाताळण्यात गेली. आठवड्याचं काम आहे.

११ सप्टेंबर
बंद करून चालू केला. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. पॉवर सेव्हिंग बंद केलं. तीच रेघ.
निश्चय: घाई करायची नाही.

१५ सप्टेंबर
माळ्यावरून जमीन मोजणीची जुनी तिपाई काढली. तिच्यावर लॅपटॉप ठेवून घर आणि अंगण मोजलं. स्वयंपाकघरात एक रेघ. जेवणाचं टेबल मांडायचं त्या द्राक्षाच्या मांडवाखाली शून्य. पॅसेजखालच्या तळघरात, कोबीच्या पिंपाशी, तीन. गिन्का कुंपणावरून म्हणाली, काय मेतोदी, जमीन विकायला काढलीस का? नकाशा सुरेख आला. निष्कर्ष: भिंती जाड आहेत आणि अक्रोडाचं झाड आडवं येतं. तळघराचं मात्र कळत नाही. ते एक सोडून दिलं.

१६ सप्टेंबर
तळघरातून कालिनाशी बोललो. कुठे बसलात, बाबा? म्हणालो, पिंपाशी. म्हणाली, पाहुण्यांनाही तिथंच बसवणार का? हसली. मग विचारलं, जेवता ना नीट? झोप लागते ना?
म्हणालो, बॅटरी संपत आली, ठेवतो.
बॅटरी भरलेली होती.

२२ सप्टेंबर
अक्रोडाच्या दोन मोठ्या फांद्या पाडल्या. मांडवाखाली शून्यच. झाड नेवेनाने लावलेलं. संध्याकाळी गिन्का बराच वेळ फांद्यांकडे पाहत उभी होती. तिला म्हणालो, छाटायच्याच होत्या.

२७ सप्टेंबर
स्क्रीनची चौकट उघडली. आत अँटेनाच्या दोन बारीक तारा निघाल्या. एकीचं टोक हातात आलं. आता तळघरातही एकच रेघ. जोडणीच नाजूक असते त्यांची. चौकट चिकटपट्टीने बसवली.

१ ऑक्टोबर
शहरातून बाहेरून लावायचा यूएसबी अँटेना आणला. दुकानदार म्हणाला, याने भिंतीपलीकडचंही पकडेल. स्वयंपाकघर एक, मांडव शून्य.
गिन्का म्हणाली, माझा मोबाइल घे ना, त्यात दिसेल की पोरगी. कालिनाही फोनवर तेच म्हणाली, गिन्कामावशीचा फोन चालेल, बाबा. दोघींना सांगितलं, गरज नाही, झालंच आहे जवळपास.
लोकांनी काय म्हणावं, हा अख्खी नोकरी यंत्रांत घालवलेला माणूस.

७ ऑक्टोबर
सकाळी पुन्हा बंद करून चालू केला. टेबल मांडवाखाली मांडलं. नेवेनाच्या खुर्चीसमोर लॅपटॉप ठेवला. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, तिच्या नावाने जमिनीवर वाइन ओतली. प्रत्येकाने चमचाभर गोड गहू तोंडात टाकत म्हटलं, देव तिला क्षमा करो. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. माणसं एकदा त्याच्याकडे बघत, मग आपल्या बशीकडे. मी म्हणालो, येईल एवढ्यात. दोनदा म्हणालो.
सगळे गेले. गिन्का भांडी घासायला थांबली. उरलेली बानित्सा आळीत वाटायची होती, तिने आतून विचारलं, नेवेनाची मोठी परात कुठंय रे? म्हणालो, पॅसेजमध्ये, फोटोखाली.
तिने फोटो बाजूला ठेवून परात उचलली असणार. कारण अंगणात लॅपटॉप वाजला.
कालिना काळ्या कपड्यांत बसली होती. समोर बशीत गहू, तसेच. म्हणाली, मी सुरुवातीपासून बसलेय. सगळे गेले का, बाबा?
म्हणालो, आत्ताच.
काय झालं होतं?
म्हणालो, अँटेना.
गिन्का दारात परात छातीशी धरून उभी होती. माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. कालिनाने एकटीने चमचा उचलला. देव तिला क्षमा करो, म्हणाली. मीही म्हणालो. रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून स्क्रीन जरा माझ्याकडे वळवली.

८ ऑक्टोबर
आरसे उघडले. दाढी केली. परात घासून पायरीवर ठेवलेली सापडली. घरभर चार रेघा. मांडवाखालीही चार.
निश्चय: कालिनाला कळायची काही गरज नाही.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी
मीच फोन लावला. लॅपटॉप स्वयंपाकघरात, नेवेनाच्या जागेवर. परातीचं सांगितलं. गिन्काचा मोबाइल का घेतला नाही तेही सांगितलं. तळघरातून बोललो त्या दिवशी बॅटरी भरलेली होती, तेही.
कालिना हललीच नाही. पापणीसुद्धा नाही. मला वाटलं, पुन्हा नेट गेलं. खाली कोपऱ्यात पाहिलं.
चारही रेघा भरलेल्या होत्या.