डोळा मारणारी गाडी

३ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू सराईतपणे थापा मारतोस, कागदावर तुला ते जमत नाही, म्हणून पत्र. ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे, ते खरं कळव. लेकीकडे लाड करून घे, पण जिना चढायचं विसरू नकोस.

तुझी विलायती महाराणी माझ्या गॅरेजमध्ये सुखरूप आहे. ‘घरात ही गाडी तरी राहील नाहीतर मी’ असं तुझ्या बायकोने बजावलं, तेव्हा महिन्याभरासाठी म्हणून तू ती इथे आणलीस. त्या महिन्याला अकरा वर्षं झाली. बायको बिचारी गेली, गाडी आहे तिथेच आहे.

सांगितल्याप्रमाणे रविवारी सुरू केली. खोकली, थरथरली, धूर ओकली आणि गप्प झाली. मी जन्मभर मेट्रन होते, पण असा नखरेल पेशंट पाहिला नाही. तेल गळतं म्हणून खाली बेडपॅन ठेवलाय. बटण दाबलं की बॉनेटमधून दोन दिवे वर यायला हवेत ना? एकच येतो. समोरचे निवृत्त न्यायाधीश फिरायला निघाले होते, नेमका त्यांना डोळा मारला हिने. तेव्हापासून फाटकाशी रेंगाळतात. इज्जत माझी जातेय.

रागावते ती तुझीच,
ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की गुडघा हलून टाके ओढले गेले. न्यायाधीशांना जपून राहायला सांग.

आता कामाचं. लेक म्हणते, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकट्याने परत जायचं नाही, कायमचं इथेच राहा. जावयाने माझी खोली रंगवूनसुद्धा घेतली. गाडीवरूनही तिने मला फैलावर घेतलं. परदेशातून चार महिन्यांनी आलेला सायलेन्सर भलत्याच मॉडेलचा निघाला, ते तिला कुठून कळलं कोण जाणे! तुम्ही त्या गाडीत जेवढे पैसे घातलेत तेवढ्यात माझं दुसरं लग्न झालं असतं, असं ती जावयासमोर म्हणाली. तो उठून माझ्या खोलीचा रंग वाळला का ते बघायला गेला.

तेव्हा गाडी विकून टाकू. जाहिरात दिली आहे, लोक तुझ्याकडे येतील. ती गेली की मला तिकडे यायचं कारण उरणार नाही आणि दर रविवारी गाडीखालून आलेल्या माझ्या पायांना चहा नेऊन द्यायच्या कामातून तूही सुटशील.

तुझ्या बोलण्यांना सवकलेला,
छोटू


१ मार्च

चि. छोटूस,
आशीर्वाद.

रविवारचा मला जाच होतो, असं तुला कुणी सांगितलं? मी कुरकुर करते ती वेगळी गोष्ट. मी सगळ्याचीच करते.

गिऱ्हाइकं आली. पहिला दातांचा डॉक्टर, सोबत उंच टाचांची बायको. कॉन्व्हेंटात सिस्टरनी सत्य लपवायचं नाही असं शिकवलंय, म्हणून मी त्याला सगळे रोग सांगितले, बेडपॅन दाखवला. ही बंद पडली की ढकलायची तयारी आहे का, असं बायकोला विचारलं आणि कोपऱ्यापर्यंत ढकलायला लावली. सराव नको का?

दुसरा काळ्या चष्म्यातला धिप्पाड तरुण. आत बसला खरा, पण बाहेर येईना. शेवटी पायाळू बाळासारखा पायांकडून ओढून काढला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. गिऱ्हाईक पळालं.

प्रयत्न सोडलेले नाहीत,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला होता. ते म्हणाले, बायको ढकलायलासुद्धा तयार झाली, त्यांनी पूर्ण किंमत देऊ केली आणि तू ‘तुमचा स्वभाव हिला मानवायचा नाही’ म्हणून दार लावून घेतलंस!

ताई, अकरा वर्षं तू तिला डबडं म्हणत आलीस. आता सोडवत का नाही? लेक रोज विचारते, खोलीत कपाट घेऊ का. काय सांगू तिला?

गोंधळलेला,
छोटू


१५ मार्च

चि. छोटूस,
आशीर्वाद.

गाडी विकली. घेणारी बाई निवृत्त आहे, एकटी आहे, तोंडाने फटकळ आहे. चेक सोबत आहे. सही ओळखीची वाटली तर आरडाओरडा करू नकोस, टाके आठव.

अट एकच. विकणाऱ्याने दर रविवारी गाडी बघायची. रोज बघितली तरी हरकत नाही. माझी इस्त्रीची मागची खोली रिकामी केली आहे. एकही पायरी नाही, खिडकीतून गॅरेज दिसतं. भिंती रंगवलेल्या नाहीत, तेवढं चालवून घे. लेकीला सांग, कपाट घे आणि इकडे पाठव. तिला तुझी काळजी वाटते हे मला कळतं. मलाही वाटते, फक्त तिच्याइतकं गोड बोलता येत नाही. चहा मी एकटी पिऊ शकते. पण रविवारी बोलणी कुणाला खायला घालू?

एक गोंधळ झाला. मेकॅनिकला फक्त तेल बघायला बोलावलं होतं, त्याने दुसरा दिवाही दुरुस्त करून टाकला. दोन्ही डोळे टक्क उघडे! न्यायाधीशांचा चेहरा पडला. मी त्याला तो दिवा पुन्हा बिघडवायला लावला. लबाडाने दोन्ही वेळचे पैसे घेतले. दिले मी.

तू आल्यावर तुला काहीतरी काम नको का?

येतोस की नाही, कागदावर कळव.

वाट बघत नसलेली,
ताई