कोटावर कोट

प्रेस्टन,
९ मे १९८३

चि. एडन यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, रागासकट. वि. वि.

तुझ्या हट्टापायी तो सिनेमा पाहून आले. तिकीटवालीने दोनदा विचारलं की आजी, कुत्र्याचा सिनेमा शेजारच्या पडद्यावर आहे, तोच हवाय ना? मी म्हटलं, बाई, मला अजून ऐकू येतं. आतून बाहेर आल्यावर येईल की नाही ते माहीत नाही.

तुला अर्थ हवाय ना? घे. एक गिटारवाला आहे. कोणी सोडून गेलं, कोणी दुखावलं, की हा अंगावर आणखी एक कोट चढवतो. शेवटी इतका फुगतो की दारातून जाता येत नाही. गातो, पण आवाज कोटाबाहेर येत नाही. ढोल मात्र येतात, थेट माझ्या दाढेत. मठाच्या शाळेत सिस्टर अलॉयसियस सांगायच्या, दुःख देवाला वाहावं आणि नाक पुसावं. या घोड्याला नाक पुसायलाच कोणी शिकवलेलं नाही. संपला अर्थ.

पण तुझी बायको मोनिका जाऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून तुमचा जेरार्ड लीड्सहून एकदाही घरी आलेला नाही, आणि फोनवर बापाला सांगतो काय, तर सिनेमा बघा! असं का, ते तू लिहिलेलं नाहीस. लिही.

माया आहे, ओरडते म्हणून कमी समजू नकोस.
तुझी,
विनिफ्रेड

व्हिटबी,
१३ मे

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. राग पोचला, गुडघा कसा आहे ते लिहायला विसरलीस.

स्कारबरोला जाऊन मी तो सिनेमा दोनदा पाहिला. तू एक गोष्ट गाळलीस. आईच्या दफनाच्या दिवशी पहिला कोट त्या पोराला बाप घालतो, गळ्यापर्यंत बटणं लावतो. मोनिकाच्या वेळी कबरीपाशी जेरार्ड रडायला लागला, तेव्हा मीही त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं होतं. हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून. आणि शेवटी कोणाचे तरी हात ते कोट उघडत जातात, तर आत कोणीच नसतं. हेच जेरार्डला मला दाखवायचं होतं.

तेव्हा मी लीड्सला जाणार नाही. ज्याची आपल्याबद्दल तक्रार आहे, त्याच्या दारात उभं राहून त्याला चहा करायला लावू नये.

लोभ ठेव, जमलं तर.
एडन

प्रेस्टन,
१७ मे

चि. एडन,
आशीर्वाद नंतर देईन.

गाढवा, आत कोणी नसतं हे तुला कोणी सांगितलं? तुझ्यासाठी तो गोंगाट पुन्हा सोसून आले. शेवटचं बटण निघण्याआधीच पडदा काळा होतो. तो रिकामेपणा तू घातलास, स्वतःच्या डोक्यातला.

मग मी जेरार्डला फोन केला. पोरगं तुझ्यावरच गेलंय, शब्द चिमट्याने ओढावे लागतात. ईस्टरला त्याने फोन केला तेव्हा तू म्हणे नेहमीसारखा, थांब हं, आईला देतो, असं म्हणालास आणि रिसीव्हर खाली ठेवलास. तुझे बूट जिन्यापर्यंत जाऊन थांबले, ते त्याला ऐकू आलं. फोन त्याने ठेवला नाही. बऱ्याच वेळाने तू परत आलास आणि हवामान सांगितलंस. त्याने सिनेमा सांगितला.

आपल्याकडचे सगळे बाप असेच. आपले वडीलही फोन निखारा असल्यासारखा आईच्या हातात कोंबायचे. तू जन्मभर रेल्वेच्या सिग्नलच्या खोलीत बसून घंटेने बोललास आणि घरी मोनिकाच्या तोंडाने. आता कोणाच्या हातात देणार आहेस त्याला?

शनिवारची गाडी पकड. अर्थ त्यालाच विचार.

तोवर माझा लोभ गृहीत धरू नये.
विनिफ्रेड

व्हिटबी,
२३ मे

ती. ताईस,
सा. न.

गेलो. त्याने टोस्टवर बीन्स केले. गाडीत मी सगळं मनाशी घोकलं होतं, बटणाबद्दल, फोनबद्दल. खाऊन झाल्यावर विचारलं, जेरार्ड, त्या सिनेमाचा अर्थ काय रे? तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, बाबा, खरं सांगू? मला नाही आवडला, अर्ध्यात झोप लागली. तुम्ही आणि मी एकच काहीतरी पाहिलेलं असेल, तर फोनवर बोलायला बरं पडेल, एवढंच वाटलं होतं.

घोकलेलं सगळं राहूनच गेलं. मग त्याने विचारलं, पुढे काय होतं? मी सांगत बसलो, गाडीची वेळ होईपर्यंत. सुरुवातही सांगितली, पण पहिला कोट घालणारा बाप मीही गाळला. तो हूं हूं करत ऐकत होता. इतका वेळ आम्ही दोघं कधीच बोललेलो नाही. मोनिकाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

स्टेशनवर हात मिळवला. म्हणाला, पुढच्या महिन्यात घोड्यांवरचा एक सिनेमा येतोय, बाबा, बघाल ना? बघेन म्हटलं.

ओरडत राहा, ताई. ओरडणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.
तुझा,
एडन